पत्राने आलेली माणसं

इंडियाना राज्यात लिटल पिजन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी बाप्टिस्टांची एक लहानशी मंडळी होती. ओंडक्यांचं चर्च, दर महिन्याला एक सभा आणि त्या सभेत काय ठरलं ते लिहून ठेवायला एक वही. ७ जून १८२३ रोजी त्या वहीत दोन नावं चढली. थॉमस लिंकन यांना पत्राने दाखल करून घेतलं आणि त्यांच्या पत्नी सेरा यांना अनुभवाने. थॉमस सुतारकाम आणि शेती करत. त्यांचा मुलगा अब्राहम, जो पुढे देशाचा अध्यक्ष झाला, तेव्हा चौदा वर्षांचा होता.

सेराबाईंनी मंडळीपुढे उभं राहून आपल्याला पापाची जाणीव कशी झाली आणि तारणाची खात्री कशी पटली हे सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांना ते पटलं. हा झाला अनुभव. थॉमस यांना तो सांगावा लागला नाही. ते केंटकीत असताना तिथल्या एका बाप्टिस्ट मंडळीत होते, आणि १८१६ साली ओहायो नदी ओलांडून इंडियानात आले होते. त्यांच्यासाठी दुसऱ्या मंडळीने लिहून दिलं होतं : हा माणूस आमचा आहे, त्याची वागणूक चांगली आहे, त्याला तुमच्यात घ्या.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेबद्दल वाचताना लढाया, रेल्वे आणि सोन्याच्या खाणी पुढे येतात. मला मात्र या दोन-चार ओळींच्या कागदात त्या देशाचं काळीज दिसतं. घरदार उचलून पश्चिमेकडे निघालेल्या माणसांच्या पेटीत दोन प्रकारची पत्रं असायची, मंडळीचं आणि आईबापांचं. त्या दोन्ही पत्रांचं कूळ एकच आहे, आणि शतकभर ती एकमेकांच्या भाषेत बोलत राहिली.

मंडळीच्या पत्राचं मूळ पार पहिल्या शतकात जातं. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल विचारतो की आम्हाला तुमच्याकडे यायला शिफारसपत्रं लागतात काय. म्हणजे इतरांना ती लागत होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी त्याने स्वतःच किंख्रिया इथल्या मंडळीतल्या फिबीची शिफारस केली आहे. पुढे युरोपात गावोगाव एकेक अधिकृत चर्च झालं, आणि ज्या गावात जन्म त्या गावच्या चर्चच्या वहीत नाव, असा रिवाज पडला. तिथे साध्या शेतकऱ्याला शिफारशीची गरज फारशी उरली नाही.

ती गरज पुन्हा उभी राहिली मॅसॅच्युसेट्समध्ये. इंग्लंडहून आलेल्या प्युरिटनांनी ठरवलं की प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बिशप नाही. मग एका मंडळीतला माणूस दुसरीकडे गेला तर त्याची खात्री कोणी द्यायची? १६४८ मध्ये त्यांनी केंब्रिज गावी आपल्या मंडळ्यांची जी घटना तयार केली, तिचा तेरावा अध्याय याच प्रश्नावर आहे. तिथे पत्राचे दोन प्रकार सांगितले आहेत. थोड्या दिवसांसाठी परगावी जाणाऱ्याला शिफारसपत्र, आणि कायमचं जाणाऱ्याला निरोपाचं पत्र. क्वेकरांनी आणि मेथडिस्टांनीही आपापल्या रीतीने असे दाखले दिले. पण या पत्राभोवती सगळं सामाजिक आयुष्य विणलं ते बाप्टिस्टांनी, आणि तेही स्वातंत्र्यानंतर, जेव्हा लाखो लोक ॲपलाचियन डोंगर ओलांडून निघाले. सरकारचं अधिकृत चर्च एकेका राज्यातून उठत गेलं, शेवटी १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधूनही उठलं. नव्या गावात तुम्ही कोण, हे सांगणारा कागद उरला तो हा एकच.

तो मिळवायची रीत ठरलेली होती. सभासदाने मासिक सभेत मागणी करायची. कोणाची काही तक्रार आहे का हे विचारलं जाई. दारू पिऊन गोंधळ घातला, नाचायला गेला, शेजाऱ्याचं कर्ज बुडवलं, बहिणीशी अबोला धरला, अशा तक्रारी वहीत तारीखवार सापडतात. चौकशी चालू असेल तर पत्र नाही. तक्रार नसली की मतदान होई आणि चिटणीस पत्र लिहून देई. त्यात एक अट असे, आणि मला ती फार विचारपूर्वक घातलेली वाटते : दुसऱ्या मंडळीने त्याला स्वीकारलं म्हणजेच तो आमच्याकडून सुटला असं समजावं. वाटेत असलेला माणूस जुन्या मंडळीचाच राहायचा. बैलगाडीत, नदीकाठच्या तळावर, पहिल्या हिवाळ्यातल्या झोपडीत, कुठेही असला तरी तो कोणाचा तरी असायचा.

काही जण ते पत्र पेटीच्या तळाशी ठेवून वर्षानुवर्षं काढत नसत. जवळ चर्च नसे, किंवा नव्या जागी कोणाच्या नजरेखाली राहायची इच्छा नसे. पाळकांनी यावर पुष्कळ त्रागा केला आहे, आणि अनेक ठिकाणी पत्राला वर्षभराची मुदत घातली गेली.

या पत्राची एक बाजू इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित येते. बहुतेक मंडळ्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. त्या काळच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःची मिळकत नव्हती, करार करता येत नव्हता, मताचा अधिकार नव्हता. तिच्या नावचं एखादं कागदपत्र शोधायचं झालं तर हाती काय लागतं? मंडळीचं पत्र. त्यावर तिचं नाव असे, तिच्या वागणुकीची ग्वाही असे. नवरा सभासद नसला तरी ते तिला मिळे. मिसुरीच्या किंवा आयोवाच्या कुरणात पोहोचल्यावर अशा चार-पाच बायका पत्रं घेऊन एकत्र बसल्या की नव्या मंडळीची सुरुवात झालेली असे, पाळक पुढे कधीतरी येई.

पेटीतलं दुसरं पत्र घरचं. ते पाठवणं महाग होतं. १८१६ पासून टपालाचा दर अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरलेला होता. तीस मैलांच्या आत सहा सेंट, चारशे मैलांपलीकडे पंचवीस सेंट, आणि कागद दोन झाले की दर दुप्पट. पंचवीस सेंट म्हणजे मजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा. त्यातून पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. म्हणून एकच मोठा कागद घेत, कडेपर्यंत भरत, मग तो आडवा फिरवून आधीच्या ओळींवरून पुन्हा लिहीत. पाकीट नाही, कागदच दुमडून लाखेने बंद करायचा.

एवढ्या महागाच्या जागेत लोक काय लिहीत? आधी प्रकृती. मग पीक, जमिनीचा भाव. मग कोण वारलं, आणि वारताना काय म्हणालं. मग संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, सभांत कोणाकोणाचं मन पालटलं, कोण चर्चमध्ये दाखल झालं, कोण अजून बाहेर आहे. आणि शेवटी आशा, की या जगात भेट झाली नाही तरी जिथे ताटातूट नाही तिथे होईल. आज हा मजकूर साच्यातला वाटतो. पण हजार मैलांवर गेलेली मुलगी पुन्हा दिसणार नाही हे आईला पक्कं ठाऊक असताना ते शेवटचं वाक्य शिष्टाचारापुरतं राहत नाही. मुलगी मंडळीत दाखल झाली की नाही, या प्रश्नावर ती कधी भेटेल का हे अवलंबून होतं. मंडळीच्या पत्राने माणसाला पुढच्या गावात जागा मिळे, आणि घरच्या पत्रात आई विचारी की पुढच्या जगात तुझी जागा झाली का.

या प्रश्नाची धार किती होती हे बीचर कुटुंबाच्या पत्रव्यवहारात दिसतं. लायमन बीचर हे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डचे नामांकित पाळक. त्यांच्या थोरल्या मुलीचं, कॅथरीनचं लग्न येलमधले तरुण प्राध्यापक अलेक्झांडर फिशर यांच्याशी ठरलं होतं. एप्रिल १८२२ मध्ये ‘अल्बियन’ हे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटलं आणि फिशर बुडाले. त्यांना मनपालटाचा अनुभव आलेला नव्हता. बापाने मुलीला सांत्वनाचं पत्र लिहिलं, पण फिशरचं तारण झालं असेल असं म्हणायला त्यांचा धर्म त्यांना मोकळीक देत नव्हता, आणि ते खोटं लिहिणारे नव्हते. कॅथरीन फिशरच्या घरी जाऊन राहिली. तिथे तिला त्याची खासगी टिपणं मिळाली. त्याने वर्षानुवर्षं तो अनुभव यावा म्हणून धडपड केली होती आणि तो आला नव्हता. मग तिने बापाला आणि भाऊ एडवर्डला पत्रांतून प्रश्न विचारायला सुरुवात केली. इतका प्रामाणिक माणूस बाहेर राहत असेल तर आत घेणाऱ्याचा न्याय कसला? ही पत्रं पुढे लायमन यांच्या आत्मचरित्रात छापली गेली. अमेरिकन प्युरिटन धर्मविचाराला आतून पडलेला मोठा तडा मला विद्यापीठातल्या वादांपेक्षा या बाप-लेकीच्या पत्रांत अधिक स्पष्ट दिसतो. धाकटी बहीण हॅरिएट तेव्हा अकरा वर्षांची होती. तीच ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो. १८५७ मध्ये तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा हेन्री कनेक्टिकट नदीत बुडाला, तोही त्या अनुभवाविना. दोन वर्षांनी तिने ‘द मिनिस्टर्स वूइंग’ ही कादंबरी लिहिली, तिच्यात हे दोन्ही मृत्यू आहेत.

याच कुटुंबाने फिरत्या पत्राची पद्धतही चालवली. १८३२ मध्ये लायमन सिनसिनाटीला गेले, मुलं देशभर विखुरली, सातही मुलगे पाळक झाले. एक मोठा कागद एकाकडून निघे, प्रत्येक जण त्यात आपला मजकूर घालून पुढच्याकडे पाठवी. पौलाची पत्रंही अशीच एका मंडळीतून दुसरीकडे जात आणि सभेत मोठ्याने वाचली जात. पाळकांच्या त्या घराला हा नमुना शोधायला लांब जावं लागलं नसणार.

पुन्हा लिंकनांकडे येतो. अब्राहम १८३३ ते १८३६ इलिनॉयमधल्या न्यू सेलमचा पोस्टमास्तर होता. टोपीत पत्रं घालून तो लोकांना घरपोच नेऊन देई असं सांगतात. तो कोणत्याच मंडळीचा सभासद झाला नाही. बापाशी त्याचं कधी जमलंही नाही. जानेवारी १८५१ मध्ये थॉमस मरणपंथाला लागले तेव्हा सावत्र भावाची पत्रं आली, अब्राहमने आधी उत्तर दिलं नाही. अखेर १२ जानेवारीला दिलं. आपली पत्नी नुकतीच बाळंत झाली आहे, येता येत नाही, असं त्यात आहे. आता भेटलो तर आनंदापेक्षा दुःखच जास्त होईल, हेही आहे. आणि मग बापाला सांगायचा निरोप आहे, की देवाला हाक मार, तो विसरणार नाही, आणि आधी गेलेल्या आपल्या माणसांशी लवकरच आनंदाने भेट होईल. पाच दिवसांनी थॉमस गेले. काही चरित्रकार या पत्राला कोरडं म्हणतात. मला तसं वाटत नाही. जे स्वतःला म्हणता येत नाही ते बापाला हवं आहे हे ओळखून त्याने बापाच्या मंडळीची भाषा उचलली. दोघांना समाईक अशी भाषा तेवढीच उरली होती.

कवयित्री एमिली डिकिन्सनला ती भाषाही पत्करता आली नाही. १८४७-४८ मध्ये ती माउंट होल्योकच्या विद्यालयात होती. तिथे मुलींची तीन गटांत वाटणी होई, ख्रिस्ती झालेल्या, आशा असलेल्या आणि आशा नसलेल्या. ती तिसऱ्या गटात राहिली. १८५० च्या संजीवनात तिच्या गावी, ॲमहर्स्टमध्ये, तिचे वडील आणि धाकटी बहीण चर्चमध्ये दाखल झाले, ती नाही. मैत्रिणींना तिने लिहिलेल्या पत्रांत बाहेर उरल्याचं एकटेपण आहे आणि आत न जाण्याचा निर्धारही आहे.

या दोन पत्रांची उघड टक्करही एकदा झाली, रविवारवरून. गावापासून लांब राहणारा शेतकरी आठवड्यातून एकदाच गावात येई, चर्चसाठी. उपदेश संपला की तो टपाल घ्यायला जाई. पेन्सिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावचे पोस्टमास्तर ह्यू वायली हे प्रेस्बिटेरियन मंडळीचे एल्डर, म्हणजे कारभारी वडील. रविवारी टपाल वाटतात म्हणून १८०९ मध्ये त्यांना प्रभुभोजनातून वगळलं. १८१० मध्ये काँग्रेसने कायदाच केला की टपाल ज्या दिवशी येईल त्या दिवशी, रविवारीही, पोस्ट उघडं हवं. १८२८ पासून लायमन बीचर आणि इतर पाळकांनी त्याविरुद्ध देशभर अर्ज गोळा केले. १८२९ मध्ये सेनेटर रिचर्ड जॉन्सन यांच्या अहवालाने ते फेटाळले. सरकारने कोणत्या दिवसाला पवित्र मानायचं हे ठरवू नये, असं त्याचं म्हणणं होतं. रविवारी पोस्ट बंद झालं ते थेट १९१२ मध्ये. दरम्यान टपाल स्वस्त झालं : १८४५ मध्ये कागदाऐवजी वजनावर दर आला, १८५१ मध्ये तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंट.

पण ज्यांना पत्र लिहिण्याचीच बंदी होती त्यांचं काय? दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा होता. तरी ते चर्चचे सभासद होते, मालकांच्याच मंडळीत, वरच्या सज्ज्यात बसत. जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीत मिडवे इथे मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांच्या वंशजांचं चर्च आहे. त्या भागातले पाळक चार्ल्स कॉलकॉक जोन्स यांनी गुलामांना धर्मशिक्षण देण्यात आयुष्य घातलं, आणि ते स्वतः तीन मळ्यांचे मालक होते. त्यांच्या कुटुंबाची पत्रं १९७२ मध्ये ‘द चिल्ड्रन ऑफ प्राइड’ या जाडजूड ग्रंथात छापली गेली. माया, भक्ती, उत्तम भाषा, सगळं त्यांत आहे. त्याच कुटुंबाच्या कागदांत सप्टेंबर १८५८ चं एक पत्र जपलेलं आहे, सव्हानाहून विकल्या गेलेल्या एका गुलामाने बायकोला पाठवलेलं. नवा मालक आपल्याला न्यू ऑर्लिन्सला नेणार आहे, आईवडिलांना निरोप सांग, इथे नाही तर स्वर्गात भेटू. हेच शेवटचं वाक्य जोन्स कुटुंबाच्या पत्रांतही येतं. पण जोन्स कुटुंबाला ताटातूट मृत्यूने होत होती, या माणसाला ती जोन्ससारख्याच घरांनी केलेल्या व्यवहाराने झाली.

बाप्टिस्टांनी अशा विकलेल्या सभासदांना निरोपाचं पत्र दिलं, त्यावर नावाखाली मालकाचं नाव. आणि मागे राहिलेल्या नवरा-बायकोचा प्रश्न सभांपुढे आला तेव्हा काही बाप्टिस्ट संघांनी निर्वाळा दिला की विकलं गेलेलं माणूस वारलं असं धरून दुसरं लग्न करायला हरकत नाही. वाटेतल्या माणसालाही कोणाचं तरी ठेवणारी ती जुनी अट आठवली की हा ठराव वाचवत नाही.

यादवी युद्धानंतर याच मंडळ्यांतून शोध सुरू झाला. न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या मेथडिस्ट साप्ताहिकात १८७९ पासून हरवलेल्या सग्यासोयऱ्यांचं सदर चाले. आई अमुक मळ्यावर होती, मला अमुक माणसाने विकत घेतलं, भावाचं नाव अमुक. वर्गणीदार नसलेल्याला पन्नास सेंट. सदराच्या माथ्यावर पाळकांना विनंती असे, की ही पत्रं व्यासपीठावरून वाचून दाखवा. रविवारच्या उपासनेत कोणीतरी मोठ्याने वाचायचं, आणि बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कान देऊन आपल्या मळ्याचं, आपल्या आईचं नाव येतं का ते ऐकायचं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तुटलेली नाती. फार थोडी जुळली. तरी शतकाच्या शेवटापर्यंत लोक पाठवत राहिले.

चर्चमध्ये पत्र वाचण्याची ही सवय मिशनच्या पत्रांनीही घडवली होती, आणि तो धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिलची हॅरिएट न्यूएल नवऱ्याबरोबर १८१२ मध्ये जहाजाने निघाली आणि त्याच वर्षी एकोणिसाव्या वर्षी मॉरिशसला वारली. तिची आईला लिहिलेली पत्रं १८१४ मध्ये छापली गेली आणि न्यू इंग्लंडमध्ये घरोघरी वाचली गेली. नवरा सॅम्युएल पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आला, १८२१ मध्ये इथेच पटकीने गेला. मुंबई-नगरहून गेलेली पत्रं ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात छापत आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या प्रार्थनासभेत वाचत. मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्याला अहमदनगर हे नाव ठाऊक होतं ते यामुळे.

याच वाटेने आणखी एक पत्र गेलं. १८७८ मध्ये गोपाळराव जोशी कोल्हापूरला पोस्टात होते. पत्नी आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत मिळेल का, असं त्यांनी मिशनऱ्यांना विचारलं. कोल्हापुरात अनेक वर्षं काढून अमेरिकेला परतलेले रॉयल वाइल्डर प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढत. त्यांनी ते पत्र छापलं आणि उत्तरही छापलं. जोशी दांपत्य ख्रिस्ती होईल अशी अपेक्षा त्या उत्तरात होती. मंडळीच्या पत्राचा जुना प्रश्नच हा, आत की बाहेर.

न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक आला. त्यांनी १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र पाठवलं आणि तो प्रश्न विचारला नाही. पुढची तीन वर्षं दोघी एकमेकींना लिहीत होत्या. सण, जेवणखाण, बालविवाह, धर्म, प्रकृती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा घ्यायला मावशी आल्या होत्या, आणि आनंदीबाई ज्या धर्माच्या होत्या त्याच धर्माच्या राहून त्या घरात राहिल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं, त्याचा मोठा भाग कार्पेंटर मावशींना लिहिलेल्या पत्रांवर उभा आहे.